संगणकाचा आवाज बसला तेव्हा

माझ्या बायकोला दिसत नाही. लहानपणापासून तिला रातांधळेपणा होता, पुढे नजरेचा घेर आवळत गेला, आणि चाळिशी ओलांडल्यावर तिने शाळेतली नोकरी सोडली तेव्हा समोरच्या माणसाचं फक्त नाक दिसतं असं ती हसून सांगायची. नंतर तेही दिसेनासं झालं. हे सगळं इतकं सावकाश झालं की रडायचा असा एक दिवस आमच्या वाट्याला आलाच नाही.

मुलगी मुंबईला नोकरीला लागली, तेव्हा तिने आपला जुना लॅपटॉप आईला आणून दिला. त्यावर लिनक्स नावाची सिस्टम घातलेली होती आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. नाकातून बोलल्यासारखा पुरुषी आवाज. मला तो पहिल्या दिवशीच नकोसा झाला. हिने मात्र दोनेक महिन्यांत त्याला असं हाताशी धरलं की मी बघत राहिलो. मी सरकारी खात्यात कारकून. आमच्या कचेरीत संगणक बिघडला की दुरुस्तीला माणूस यायचा. आमच्या घरात संगणक बिघडला की हीच त्याला ठीक करायची, पडवीत खुर्ची टाकून, पडदा बंद ठेवून. पडदा चालू ठेवून करायचं काय, म्हणायची.

आवाजाची गती ती वाढवत गेली. शेवटी तो इतका भरधाव बोलायचा की शेजारपाजारच्यांना वाटायचं, रेडिओ खराब झालाय. मला त्यातलं एक अक्षर कळत नसे. ती मात्र पेपर वाचायची, देशभरातल्या तिच्यासारख्या बायकांना पत्रं लिहायची, आणि त्या वाचणाऱ्या प्रोग्रामच्या सूचनांचं मराठी करून पाठवायची. कोरी ओळ, शेवटचं पान, निवड रद्द, असे शब्द ती भाजी चिरता चिरता माझ्यावर आजमावून बघायची. "अहो, 'रिकामी ओळ' बरं वाटतं की 'कोरी ओळ'?" मी म्हणायचो, कोरी. तिने कोरीच ठेवलं.

अपडेट करायचे ते तीच करायची, आणि अपडेट झाल्यावर मागे राहिलेल्या फायली साफ केल्याशिवाय उठायची नाही. मला तिने एकदा समजावून सांगितलं होतं. नवीन प्रोग्राम येतो, जुना जातो, पण जुन्याची सेटिंगं तशीच पडून राहतात. त्यांना कुणी विचारत नाही, पण कधीतरी नवीन प्रोग्राम चुकून तीच वाचतो आणि गोंधळ होतो. "केर काढून सुपली दाराआड ठेवली तर घर झाडलं म्हणायचं का?" असा तिचा सवाल. शाळेतली सवय.

ते मोठं अपडेट आलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आंब्याची गडबड संपून रातांबे, कोकमाची फळं, यायला लागले होते. पावस गावी माझ्या चुलतभावाची बाग आहे, तिथून आलेली टोपली मी पडवीत रिकामी करत होतो आणि ही संगणकापाशी होती. पूर्ण सिस्टमच नवीन होणार होती, त्यात आवाजाची यंत्रणाही बदलणार होती. मध्ये मध्ये संगणक विचारायचा, अमुक फाईल जुनी ठेवू की नवी घेऊ, आणि ती उत्तर द्यायची. संध्याकाळी सगळं आटोपलं. संगणक पुन्हा चालू झाला, बोलू लागला, आणि ती म्हणाली, "आवाज बसलाय याचा."

"मला तर नीट ऐकू येतोय."

"नीट नाहीये. घशात काहीतरी अडकल्यासारखं बोलतोय. जुनं काहीतरी मागे राहिलंय."

मी वाद घातला नाही. तिच्या कानाला जे कळायचं ते मला कधीच कळलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी मासेवालीची हाक आली की टोपलीत बांगडे आहेत की मांदेली, हे ती हाकेच्या सुरावरून सांगायची. तेव्हा आवाज बसलाय असं ती म्हणाली म्हणजे बसलाच असणार.

दुसऱ्या दिवसापासून आमची साफसफाई सुरू झाली. आवाजच धड नाही म्हटल्यावर तिला पडदा वाचून दाखवायला माणूस हवा होता. कित्येक वर्षांनी त्या लॅपटॉपचा पडदा उजळला आणि मी चष्मा लावून तिच्याशेजारी बसलो. ती टाईप करायची, मी वाचायचो. लांबच्या लांब यादी यायची. "ज्या ओळीच्या सुरुवातीला आर सी असेल तेवढ्याच वाचा. आर सी म्हणजे प्रोग्राम गेला, सेटिंग राहिलं." मी बोट ठेवून एकेक ओळ वाचायचो, इंग्रजी अक्षरं सुटी सुटी करून, आणि ती म्हणायची, हे ठेवा, हे काढू, याचं नाव पुन्हा सांगा.

ते दिवस मला आवडले, हे कबूल केलं पाहिजे. संसारात तिला माझी मदत लागायची ती रस्ता ओलांडायला, पायरी सांगायला. इथे ती पुढे आणि मी मागे होतो. जेवण झालं की ती आपणहून म्हणायची, "चला, बसू या." एखादी जुनी फाईल काढली की ती आवाज पुन्हा चालू करून कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "आता जरा बरा आहे ना?" मला तो कालही तसाच वाटला होता आणि आजही. मी हो म्हणायचो.

चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. आवाजाच्या जुन्या यंत्रणेची सेटिंगं तिने सिस्टममधून काढली होती, तर आता तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहिलेली शोधायची होती. ती काढली, तर वाचणाऱ्या प्रोग्रामचीच जुनी प्रत कुठेतरी असेल. मी वाचत होतो आणि ती मला सारखं म्हणत होती, "जरा मोठ्याने वाचा हो. तोंडातल्या तोंडात काय बोलता?" मी पंखा बंद केला. नंतर समोरच्या खिडकीची दारं ओढून घेतली. घामाने आम्ही दोघे भिजून जायचो.

याच दरम्यान एका दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो आणि बाहेरून ऐकलं, "कोरी ओळ. कोरी ओळ." मी भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. एवढ्या वर्षांत तो संगणक काय बोलतो हे मला पहिल्यांदा कळलं होतं. तिने त्याची गती कमी केली होती, आणि मला त्याबद्दल काही बोलली नव्हती.

त्या दिवसापासून मी बघू लागलो, आणि बघायला लागल्यावर दिसायला वेळ लागला नाही. मासेवाली फाटकात येऊन उभी राहिली तरी हिला पत्ता नव्हता. "काय गो वैनी, रागावलंस की काय?" ती म्हणाली तेव्हा ही दचकली. कुकरची शिट्टी झाली की ती मला विचारायची, किती झाल्या? फोनवर मुलगी बोलायला लागली की ती "रेंज नाही गं इथे" म्हणून फोन माझ्याकडे द्यायची. रेंज चांगली असायची.

मला कळलं होतं, तरी मी रोज जेवण झाल्यावर तिच्याबरोबर बसत राहिलो. मागे राहिलेली फाईल सापडत होती तोवर दोष फाईलचा होता.

शेवटी एकदा तिने एका फोल्डरचं नाव विचारलं. त्या नावाच्या शेवटी एफ होतं. मी सांगितलं, तिने टाईप केलं, आणि असं काही नाही असं उत्तर पडद्यावर आलं. मी पाहिलं तर तिने एस टाकलं होतं.

"एस नाही. एफ."

"तेच टाकलंय."

"एस टाकलंयस तू. एफ टाक."

तिने पुसलं आणि पुन्हा एस टाकलं.

"अगं एफ! फणसाचा फ!"

तिची बोटं कळांवर थांबली. मग माझ्याकडे तोंड वळवून अगदी हळू विचारलं, "तुम्ही मघापासून एफच म्हणत होतात?"

"हो."

"मला एस ऐकू येतंय. दोन्ही सारखंच ऐकू येतंय." मग म्हणाली, "संगणक चांगलाय ना हो?"

"चांगलाय."

"कधीपासून चांगलाय?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून."

तिने लॅपटॉप मिटला. तो फोल्डर काढायचा राहिला तो राहिलाच.

गावातल्या कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी बाहेर डॉक्टरांच्या मागे उभा होतो. ते एकेक आवाज सोडत होते आणि काचेपलीकडे ती अंगठा बटणावर ठेवून, मान किंचित पुढे काढून वाट बघत होती. वर्गात पोरांच्या उत्तराची वाट बघायची तशी. डॉक्टर आवाज वाढवत होते आणि तिचा अंगठा हलत नव्हता. मला आत जाऊन तिचा अंगठा दाबावासा वाटला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न कानाबद्दल विचारलाच नाही. विचारलं, "डोळे कधी गेले?" मग ते म्हणाले, हा एकच आजार आहे, आधी डोळ्यांचं दिसलं, आता कानांचं दिसतंय. यंत्र लावा, काही वर्षं काढता येतील. किती, ते त्यांना सांगता येईना. हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलत होते. ती म्हणाली, "डॉक्टर, मला सांगा. मोठ्याने सांगा." त्यांनी पुन्हा सगळं मोठ्याने सांगितलं. बाहेर बसलेल्या लोकांनीही ते ऐकलं असणार.

मग मुलगी तिला मुंबईला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा पर्याय सांगितला. कानाच्या आत यंत्र बसवायचं. पण त्यात उरलंसुरलं आपलं ऐकणं जाऊ शकतं, आणि नवीन ऐकणं कसं येईल याची खात्री नाही. मुलगी रडली, भांडली. ही म्हणाली, "आहे तेवढं असू दे. एकदम सगळं काढून टाकलं आणि नवीन आलंच नाही, तर मी कुठे जाऊ?"

कानातली यंत्रं आली. त्यांनी माणसाचा आवाज काही दिवस बरा यायचा, पण संगणकाचा तो नाकातला आवाज त्यांच्यातून नुसता खरखर होऊन यायचा. तिने गती आणखी कमी केली, आवाज पुरता वाढवला. आता गल्लीत सगळ्यांना तो ऐकू जायचा, हिला सोडून. तिने मराठी करायला घेतलेल्या सूचना अर्ध्यावर राहिल्या, आणि कुणाची तरी विचारणा आली तेव्हा तिने मला उत्तर लिहायला सांगितलं, की यापुढे जमणार नाही. ब्रेलचीही पुस्तकं मुलीने पाठवली. तिने मन लावून बोटं फिरवली. पण पन्नाशी उलटल्यावर त्या टिंबांची अक्षरं होईनात. "वाळूवर हात फिरवल्यासारखं वाटतं," म्हणाली, आणि पुस्तकं नीट रचून ठेवली.

एका सकाळी तिने मला लॅपटॉप उघडायला सांगितला. वाचणारा प्रोग्राम काढून टाकायचा होता.

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "कशाला? राहू दे की. जागा कुठे खातोय?"

"चालू केला की बोलायला लागतो. मला फक्त तो बोलतोय एवढंच कळतं. नको."

तिने कमांड सांगितली, मी टाईप केली. अजून सगळं तिला तोंडपाठ होतं, कुठे जागा सोडायची, कुठे आडवी रेघ द्यायची. "नुसता काढू नका, सेटिंगांसकट काढा," तिने बजावलं. संगणकाने विचारलं, नक्की काढायचं का? मी तिच्या तळहातावर बोटाने प्रश्नचिन्ह काढलं. तिने हो म्हणून मान हलवली. मी कळ दाबली. पडद्यावर ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. मुलीला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. आईने सांगितलं म्हणून तुम्ही काढलंत? हो, म्हटलं. दुसरं काय करणार होतो?

आता आमचं बोलणं बरंचसं तळहातावर चालतं. कानाजवळ तोंड नेऊन बोललं तर अजून काही शब्द पोचतात, पण तेही सकाळच्या वेळी. दुपारपर्यंत ती ऐकून ऐकून थकते आणि यंत्रं काढून डबीत ठेवते. लिहायचं तर एकेक अक्षर काढावं लागतं, जोडाक्षर आलं की गाडी अडते, म्हणून मी सोपे शब्द शोधतो. चहा. जेव. उठ. ऊन. मुलीचा फोन आला तर तिचं दहा मिनिटांचं बोलणं मी दोन शब्दांत देतो. बरी आहे.

शेजारच्या वहिनी येऊन पडवीत बसतात. पूर्वी त्या हिच्याशी बोलायच्या, आता माझ्याशी बोलतात आणि हिच्याकडे बघतात. "काय खातात हल्ली? झोप लागते का त्यांना?" तिच्यासमोर, तिच्याबद्दल. कुणीतरी आलंय हे तिला बाकड्याच्या हलण्यावरून कळतं. ती चेहरा त्या बाजूला वळवून, थोडी हसरी होऊन थांबते. मग माझा हात शोधते आणि विचारते, "काय म्हणतायत हो?"

एवढं सगळं एकेक अक्षर करून काढायचं माझ्याच्याने होत नाही. मी तिच्या हातावर लिहितो, काही नाही.