आजीच्या तेराव्याची पंगत
जिलबी तळल्याचा वास आला की मला आजीचं तेरावं आठवतं. ताडकळसच्या आमच्या अंगणात त्या दिवशी मांडव होता, कढईतून जिलब्या निघत होत्या आणि पंगतीत हसणं-बोलणं चाललं होतं. आजीनं पणतवंडं खेळवली होती, शेवटच्या सकाळीसुद्धा चहा पीत शेजारणीशी गप्पा मारल्या होत्या. जो येई तो म्हणे, "म्हातारीचं सोनं झालं." पाथरीहून आलेली तिची धाकटी बहीण तेवढी भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यातलं ताट तसंच होतं. बाबा तिच्याजवळ गेले. "मावशी, घास घे. माय भरल्या घरातून गेली, रडायचं काय त्यात?" ती हळूच म्हणाली, "तुमची भरल्या घरातून गेली, लेकरा. मला 'ए पोरी' म्हणणारं आता कुणीबी राह्यलं न्हाई." बाबा तिच्या शेजारी खाली बसले आणि आजी गेल्यापासून पहिल्यांदाच रडले. मागच्या महिन्यात माझा थोरला भाऊ गेला. पिकलं वय होतं, लोक मलाही तेच समजावत होते, आणि मी नुसती मान हलवत राहिलो.