आमच्या चाळीतले बायकांचे संडास

मी शाळेत कधी उशिरा गेले नाही. मास्तरीणबाई माझं उदाहरण इतर मुलींना द्यायच्या. आमच्या शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार होतं, दाराला कडी होती आणि शाळा उघडल्या उघडल्या तिथे गर्दी नसायची, म्हणून मी धावत जायची. अभ्यासाची ओढ वगैरे काही नव्हती. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? लालबागमधल्या आमच्या चाळीत या विषयावर बोलणंच असभ्य मानलं जायचं. चौदा वर्षांच्या मुलीला पोट आवळून धरावं लागायचं, ते मात्र कुणाला असभ्य वाटत नव्हतं.

चाळीच्या मागे पायखान्यांच्या दोन रांगा होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. बायकांच्या रांगेची मागची भिंत एका पावसाळ्यात कलली आणि वरचा पत्रा आत कोसळला. मालक मलबार हिलला राहायचा. त्याचा मेहताजी भाडं न्यायला यायचा. तो दोन सुतार घेऊन आला आणि सगळ्या दारांवर आडव्या फळ्या ठोकून गेला. "दुरुस्ती होईल," म्हणाला. त्या फळ्यांना बुरशी आली, पुढे त्यांच्यावर कुणीतरी लंगोट वाळत घालायला लागलं, तरी दुरुस्ती झाली नाही.

पोरंटोरं गटाराच्या कडेला बसायची. बायका गिरणीच्या भिंतीमागे जायच्या. तिथे बॉयलरची राख आणून टाकत, तिचे ढीगच्या ढीग होते आणि पलीकडून रेल्वेचे रूळ जायचे. पहाटे उजाडायच्या आत चार-पाचजणींनी मिळून जायचं. एकीने लुगड्याचा पदर आडवा धरायचा, बाकीच्यांनी बसायचं, मग पाळी बदलायची. भिंतीवर दोन टोळभैरव येऊन बसायचे. तोंडाने काही बोलत नसत, नुसती बॅटरी मारायचे. उजेड अंगावर पडला की बायका उठून उभ्या राहायच्या आणि तशाच घरी परतायच्या. एकदा उजाडलं की मग दिवसभर नाही.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं आणि मालवणकडून वहिनी आली. अंगाने चांगली थोराड, हसरी मुलगी. गावी परसाकडे जायला माडांच्या बागा होत्या, आडोसा होता. इथे आल्यावर दुसऱ्याच पहाटे तिच्या तोंडावर बॅटरीचा उजेड पडला. त्या दिवसापासून ती संध्याकाळी जेवेनाशी झाली. आई ताट वाढून द्यायची, ती दोन घास खाऊन उठायची.

"माका भूक नाय," म्हणायची.

पाणीही प्यायची नाही. मी तिच्या शेजारी झोपायची. पोटात कळ आली की ती उशीचं टोक तोंडात धरायची. पुढे तिला दिवस गेले. दिवस गेलेल्या बाईला वरचेवर जावं लागतं, हे मला तेव्हा कुठे कळत होतं? ती मात्र आणखीच कमी पाणी प्यायला लागली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमची चाळ म्हणजे धगधगती भट्टी. गॅलरीत सभा, जिन्यात सभा, रोज कुठल्या ना कुठल्या मोर्च्याची तयारी. माझे वडील गिरणीत लूमवर होते आणि चाळीच्या समितीत होते. गोळीबार झाला त्या दिवशी ते फाउंटनला होते, पुढे सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले. मला त्यांचा अभिमान होता. आजही आहे. म्हणूनच त्या वर्षीचा राग अजून विझत नाही.

एकदा जेवताना आई त्यांना म्हणाली, "सुनेला संडासाला जायला जागा नाही. अर्धपोटी राहते ती. मालकाला समितीने धरून विचारा की."

"सगळं होईल," वडील म्हणाले. "एकदा मुंबई आपली झाली की या मालकांना सुतासारखं सरळ करू."

"आणि तोवर तिने काय करायचं?"

वडिलांनी हात धुतला, टोपी घातली आणि ते सभेला गेले.

पुढच्याच सभेत हा विषय गिरणीतल्या मावशींनी काढला. मावशी कोपऱ्यातल्या खोलीत एकट्या राहायच्या. नवरा वारल्यावर सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला लागलेल्या, आवाज मोठा, कारण दिवसभर मशीनच्या खडखडाटात बोलायची सवय. मोर्च्यात बायकांना पुढे ठेवायचं असं चाललेलं. मावशी गॅलरीतून म्हणाल्या, "पुढे चालतो. पण चाळीतल्या बायकांच्या संडासाचं काय ते आधी ठरवा."

खाली हशा पिकला. समितीचे चिटणीस, चष्मेवाले, एरवी फार अदबीने बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मावशी, आधी महाराष्ट्र. संडासाचं नंतर बघू."

टाळ्या पडल्या. वहिनी माझ्याजवळ कठड्याला धरून उभी होती. ती आत गेली.

थोड्याच दिवसांनी तिला हुडहुडी भरून ताप आला. कंबर धरून ती मोरीशी बसली ती उठेचना. भावाने आणि वडिलांनी टॅक्सी करून परळच्या हॉस्पिटलात नेलं. मूल गेलं. डॉक्टरीणबाईंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "ही लघवी तुंबवून धरते का? पाणी पीत नाही का? आतून सगळं सुजलंय." आई काय सांगणार? मान खाली घालून उभी राहिली. मान खाली घालायची वेळ तिच्यावर यावी याची मला इतकी चीड आली की मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन भिंतीवर पाय आपटले. जिची चूक नव्हती तीच शरमेने उभी, आणि मेहताजी त्याच दिवशी चाळीत भाडं मागत फिरत होता.

आई घरी आली, तिने अंघोळ केली आणि सरळ मावशींच्या खोलीत गेली. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र आईने मला उठवलं आणि हातात पाण्याची बादली दिली.

आम्ही बायका राखेकडे गेलोच नाही. पुरुषांच्या रांगेसमोर जाऊन बसलो. मावशींनी रांगेसमोर एक जुनं लुगडं दोरीला बांधून सोडलं होतं. अर्धे संडास त्यांचे, अर्धे आमचे, असं काही नाही. सगळेच बायकांचे. लुगडं नुसतं आडोशाला. एकेक बाई आत जात होती, आरामात बाहेर येत होती. मी आत गेले आणि कडी लावली. कुणी हाक मारली नाही, कुणी उजेड मारला नाही.

पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी पुरुषमंडळी टमरेलं घेऊन खाली आली. आधी त्यांना वाटलं, चेष्टा आहे.

"हा काय प्रकार?" चिटणिसांनी विचारलं.

"सत्याग्रह," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलात."

"अहो, पण आम्हाला कामावर जायचंय."

"मलाही जायचंय. मी रोज कशी जाते?"

वडील पुढे आले. आईसमोर उभे राहिले, हळू आवाजात म्हणाले, "घरी चल. लोक बघतायत."

आई उठली नाही. म्हणाली, "गिरणीच्या भिंतीमागे जागा आहे. आम्ही रोज जातो. वाट माहीत नसेल तर दाखवते."

वडिलांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ते चिडले नाहीत. टमरेल हातात तसंच धरून ते वळले आणि गिरणीच्या भिंतीकडे चालू लागले. त्यांच्यामागून एकेक करत बाकीचे गेले. काहीजण शिव्या देत गेले. सभेत आम्हाला रणरागिणी म्हणणाऱ्या तोंडांतूनच त्या शिव्या येत होत्या.

आम्ही रोज तसंच बसत राहिलो. राखेच्या ढिगांमागे पुरुष उघड्यावर बसू लागले तेव्हा भिंतीवरचे टोळभैरव त्यांनाही हसले. तिथे मारामारी झाली आणि ते दोघे पुन्हा दिसले नाहीत. बायकांच्या अंगावर उजेड पडत होता तोवर कुणाला भिंतीपर्यंत जायला सवड नव्हती.

शेवटी सभा बोलावली गेली. मावशींना बसायला खुर्ची दिली. मालकाकडे माणसं गेली, त्याने निरोप धाडला, आहेत तेच संडास आपसांत वाटून घ्या. मग ठरलं की आपणच बांधायचं. चाळीत गवंडी होते, सुतार होते, गिरणीतले फिटर होते. अडलं ते ड्रेनेजच्या जोडणीपाशी. पालिकेच्या ऑफिसातले साहेब म्हणायचे, मालकाची सही आणा. समितीची माणसं तीनदा जाऊन तेच ऐकून आली.

चौथ्यांदा बायका गेल्या, आणि जाताना चाळीतली सगळी लहान पोरं बरोबर घेतली. मीही कडेवर शेजारच्यांचं एक पोर घेऊन गेले. साहेबांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात मावशींनी पोरांना ओळीने बसवलं. चड्ड्या काढून. शिपाई ओरडत आत गेला, साहेब बाहेर आले.

"अहो बाई, हे ऑफिस आहे."

"आणि तिथे आमचं घर आहे," मावशी म्हणाल्या. "रोज घराच्या दारात बसतात. आज तुमच्या दारात बसली तर काय बिघडलं?"

"उठवा आधी त्यांना."

"उठवते. कुठे नेऊ ते सांगा."

एका पोराने तोवर कामाला सुरुवातही केली होती. मालकाच्या सहीवाचून जे महिनोन्‌महिने होत नव्हतं, ते त्याच आठवड्यात झालं. इन्स्पेक्टर येऊन जागा बघून गेला, आणि मला कळलं की अडचण सहीची नव्हतीच. वास त्यांच्या नाकापर्यंत पोचला नव्हता, एवढंच.

बांधकामाला सगळे राबले, हे कबूल केलं पाहिजे. वडील पाळी संपवून यायचे आणि विटा वाहायचे. बायका गिरणीमागची राख पाट्यांतून आणायच्या, गवंडी ती चुन्यात कालवायचे. सुतारांनी दारं बसवली ती बाहेरून कोयंडा असलेली. आईने ती परत उतरवायला लावली. "कडी आतून हवी," म्हणाली. "बाहेरून कोंडायला गुरं नाही आम्ही." लहान पोरांसाठी बुटकी भांडी असलेला एक वेगळा आडोसा केला आणि गटाराच्या कडेला पोर बसवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. कुणी बसवलंच तर त्याच्या आईला न बोलता बापाला हाक मारायची, हा मावशींचा नियम.

उद्‌घाटनाला बाहेरचे एक पुढारी आले. नारळ फुटला. चिटणिसांनी भाषण केलं, चाळीतल्या जागृत कामगार बांधवांनी मालकाला धडा शिकवला, वगैरे. भगिनींनीही सहकार्य केलं म्हणाले. सहकार्य! आई गॅलरीत उभी राहून ऐकत होती. मावशी नव्हत्या, त्यांची गिरणीत पाळी होती, आणि त्यांच्या सुट्टीचा दिवस बघून कार्यक्रम ठेवावा असं कुणाला सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दारांना बाहेरून पुन्हा कोयंडे बसले, कुलपं लागली आणि चाळीत घरोघर किल्ल्या वाटल्या गेल्या. चाळीमागे रुळांच्या कडेला काही झोपड्या होत्या, तिथल्या बायका डबे घेऊन आल्या होत्या. पहाटे राखेत त्या आमच्याच शेजारी बसायच्या, त्यांचाही पदर आम्ही आडोशाला घेतला होता. त्यांना आता चाळीतल्याच बायकांनी हाकललं. "घाण करतील," एकजण म्हणाली. तोंडावरचा बॅटरीचा उजेड इतक्या लवकर विसरता येतो? मावशींनी आपली किल्ली सरळ झोपड्यांत देऊन टाकली. समितीने ती परत मागितली तर म्हणाल्या, हरवली. भांडणं झाली, आईशीसुद्धा झाली. शेवटी टोकाचा एक संडास कुलपाशिवाय ठेवायचं ठरलं, धुवायची पाळी झोपड्यांतल्या बायकांचीही. सगळ्या झोपड्यांना मिळून एक. तेवढंच मिळालं.

हॉस्पिटलातून वहिनीला मालवणला माहेरी पाठवलं होतं, ती परत आली ती हे सगळं झाल्यावर. पुढे तिला मुली झाल्या. मुंबईसह महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले, वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं.

म्हातारपणी वडील नातींना सत्याग्रहाच्या गोष्टी सांगायचे. लाठीमार, तुरुंगातली डाळ, कोण कुठे पडला, सगळं बारीकसारीक. मी एकदा म्हटलं, "आणि संडासाचं सांगा की त्यांना."

"त्यात काय सांगण्यासारखं?" ते हसून म्हणाले.

वहिनी आत लसूण सोलत होती. सासऱ्यांसमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "माझां पोर गेलां, तां सांगण्यासारखां नाय?"

मुली एकदा आजोबांकडे, एकदा आईकडे बघत राहिल्या. मग धाकटीने विचारलं, "कुठलं पोर?" आणि वहिनी हातातली परात बाजूला ठेवून बाहेर येऊन बसली आणि सांगायला लागली.