केसरचा चार्ज

आमच्या मुलीची लखनौमधली एकुलती एक मैत्रीण मी स्वतःच्या हातांनी नाल्याकाठी सोडून आलो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपूरहून बदली होऊन आम्ही इंदिरा नगरात आलो. दहा वर्षांच्या सुजाताला वर्गात कोणी जवळ करेना. मराठीचा एक शब्द तोंडातून निघाला की पोरी हसायच्या, म्हणून तिने घरीसुद्धा मराठी टाकली! अशात बागेतल्या मातीत तिला मांडुळाचं पिल्लू सापडलं. बिनविषारी, बोटाएवढं, छान केशरी. नाव ठेवलं केसर. शाळेतून आली की सगळी गाऱ्हाणी केसरपाशी. आम्ही नवराबायको दाराआडून ऐकायचो आणि सापाचे आभार मानायचो.

उन्हाळ्यात ती मामाकडे नागपूरला निघाली. मी सरकारी स्टोअरचा माणूस, पोर माझ्याच वळणावर गेलेली. तिने ताबा देण्याची रीतसर चार्ज-लिस्ट केली : 'साप, एक नग. रंग केशरी. स्थिती उत्तम.'

"साइन करो, बाबा."

केली!

महिन्याभरात केसरने कात टाकली आणि आतून निघाली ती मातकट.

"अहो, हिला काय झालं? उन्हात ठेवलीत ना?" बायको.

"छे! सावलीत होती."

"मग सावलीनं काळवंडली म्हणा!"

(आमच्या घरी गुन्हा कुठलाही असो, आरोपी ठरलेला.)

मी केसरला हळदीच्या पाण्याने आंघोळ घातली. माझे हात आणि एक टॉवेल तेवढा पिवळा झाला. पुढे दुसरी कात पडली आणि केसर पार चहाच्या चोथ्यासारखी दिसू लागली. पोर आठ दिवसांत येणार! माझं जेवणावरचं मन उडालं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी एकच विद्या शिकलो होतो : यादी आणि माल जुळला पाहिजे. यादी तर सहीची होती. मग माल बदला!

हजरतगंजच्या फुटपाथवर सपेरा गाठला. मांडुळाला तिकडे दोमुँहा म्हणतात.

"केसरी दोमुँहा मिलेगा?"

"हुज़ूर फ़रमाएँ तो हरा भी मिलेगा!"

केशरी पिल्लू आणून केसरच्या डब्यात ठेवलं. केसरला पिशवीत घालून नाल्याकाठच्या झुडपांत नेलं. "जा बाई," म्हटलं. ती जाईना. दोनदा माझ्या चपलेपाशी परत आली. मी चप्पल सोडवून घेऊन घरी आलो.

सुजाता आली ती थेट डब्याकडे.

"ये कौन है?"

"केसर."

"बाबा, केसर तो अब भूरी होगी. बड़ी होते-होते रंग बदलता है. किताब में लिखा है."

"मग ते लिस्टमध्ये का नाही लिहिलंस?" मी ओरडलो. (हो, मीच!)

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली, "माझी केसर कुठाय?"

तीन संध्याकाळी आम्ही बापलेक नाला पालथा घालत होतो. "केसर! केसर!" माझा आवाज ऐकून पानवाला धावत आला.

"बिटिया खो गई, साहब?"

साप म्हणावं तर वेड्यात काढील. "हाँ," म्हटलं. बिचारा दुकान टाकून आमच्याबरोबर तासभर हाका मारत फिरला!

केसर नाही सापडली. चौथ्या दिवशी मी दाढी करत असताना सुजाता शेजारी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"तुमचे केस पांढरे झाले," ती म्हणाली, "मी तुम्हाला नाल्यावर सोडून आले का?"

त्याच दिवशी बाजारातून खिजाब आणला आणि केस काळेभोर करून टाकले. पोरीचा राग काही उतरला नव्हता, आणि नाला घरापासून पाचच मिनिटांवर होता!