उभ्या दगडाखालच्या चिपा

तो फोन अजून माझ्या कानात आहे. "साहब, बड़े पत्थर के नीचे किसी ने पत्थर ठूँसे हैं," वॉचमन म्हणाला.

मी महाराष्ट्र पोलिसांत थेट फौजदार म्हणून लागलो. आमच्या घरातला पहिला बी.ए. मीच. निवृत्तीनंतर अमिरातीत एका मराठी कंत्राटदाराकडे सुरक्षा प्रमुख झालो. डोंगरात आमचं रस्त्याचं काम चालू होतं. कडेला, कुंपणात, इतिहासपूर्व काळातला पुरुषभर उंचीचा उभा दगड. संरक्षित. त्याच्या जवळपासही फिरकायचं नाही, हा दम पहिल्याच दिवशी दिलेला.

जाऊन पंचनामा केला. आदल्या दिवशीच्या पावसाने बुंध्याची माती धुऊन नेली होती आणि त्या पोकळीत चपट्या चिपा ठोकलेल्या. ताज्या.

"मशीनचा धक्का लागला, ऑपरेटरने झाकलं. खलास!" मॅनेजर म्हणाला. "बाराला पुरातत्त्व खात्याच्या बाई येतायत. त्याचं नाव देऊन मोकळे होऊ."

"कसम से साहब, मैं उधर गया ही नहीं," ऑपरेटर रडकुंडीला आला. नाव गेलं असतं तर नोकरी आणि व्हिसा, दोन्ही गेली असती.

साडेनऊ वाजले होते. सगळ्यांचे जबाब घेतले. एकच उत्तर, माहीत नाही. पण घाबरलेला माणूस तोंड सांभाळतो, हात सांभाळायचं त्याला सुचत नाही. पाण्याचा ड्रम डुगडुगत होता. एकेकाला बोलावून म्हटलं, "हा जरा नीट बसव." कुणी फळी सरकवली, कुणी पुठ्ठा. आठवा होता सावंतवाडीकडचा गवंडी. उकिडवा बसला, चपटी चीप निवडली, निमुळती बाजू आत घातली, दोन हलके ठोके दिले आणि तळव्याने ड्रम हलवून पाहिला.

माझे वडील लोकांच्या बागांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, अस्सेच रचायचे.

"दादा, तिकडच्या चिपा पण तुमच्याच ना?"

त्याची मान खाली गेली. "पडलो असतो ओ तो दगड, सायबानू. इतकी वर्सां उभो रवलो. दगडाक बोट नाय लावलंय, खालीच भरलंय. व्हिसा जायत म्हणान गप रवलंय."

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "गवंडी चांगला आहे हो. ऑपरेटरचंच नाव राहू द्या."

"जबाब बदलत नसतो," मी म्हटलं.

बाराला मी गवंड्याला घेऊनच बाईंपुढे उभा राहिलो, सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ वाकून पाहिलं. मग गवंड्याला हिंदीत विचारलं, "हे काढताना दगड हलेल?"

"आखरी वाला पहले निकालने का, मॅडम. फिर नहीं हिलेगा."

"आधी टेकू लावू. मग तूच काढ, माझ्यासमोर. यल्ला, चल."

कंपनीला लेखी ताकीद मिळाली. गवंडी दुसऱ्या साइटवर गेला, ऑपरेटर दुपारीच मशीनवर चढला.

फायदा कुणाचा, हा प्रश्न मी आयुष्यभर आधी विचारला. त्या दिवशी काळजी कुणाला, हे विचारायला हवं होतं. वडील गडगा रचताना "ये, एक चीप लावून बघ" म्हणायचे आणि मी पुस्तक घेऊन लांब बसायचो. बरं झालं, नजर पुस्तकात नव्हती, त्यांच्या हातांवर होती.