अभ्यासक्रमातली सासू

आमच्या नीतिशास्त्राच्या पेपरात एक सासू होती. ती मीच आणली होती. गेल्या शतकातल्या एका इंग्रज तत्त्वज्ञ बाईंचं ते उदाहरण. सासूला सून उथळ वाटते. वागण्यात मात्र सासू कुठेच चुकत नाही. मग ती स्वतःशी म्हणते, आपणच जुन्या वळणाच्या, कदाचित मत्सरीही असू; पुन्हा नीट बघू या. बघते, आणि तीच सून मोकळी, साधी दिसू लागते. बाहेर काहीच घडलेलं नसतं. बाईंचं म्हणणं, नीती इथेच घडते, माणसाकडे नीट बघण्यात.

नागपुरातल्या आमच्या कॉलेजात या सासूनं चमत्कार केला: मुली जाग्या राहिल्या. कळमेश्वरहून बसने येणारी, नुकतंच लग्न झालेली एक मुलगी वर्षभर गप्प होती. ती उठून म्हणाली, "मॅडम, सुनेनं बी पाह्यलं पाह्यजे ना सासूकडे?" घंटा झाली तरी कोणी हललं नाही. मी इतकी खूश झाले की घरी जाऊन माझ्या सासूबाईंकडेही नीट बघत बसले. त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

मग अभ्यासक्रम बदलायची बैठक आली. समितीत चार सर आणि मी. काहीही जावो, हे प्रकरण राहावं एवढंच मला हवं होतं.

"मॅडम, सासू-सुना टीव्हीवर रोज असतात," विभागप्रमुख म्हणाले. "पेपरात काहून पाहिजेत?"

त्यांचा जीव सुटलेल्या ट्रामच्या कोड्यावर. ट्राम रुळावरच्या पाच जणांवर येतेय; खटका ओढून दुसऱ्या रुळावर वळवली तर तिथला एकच मरतो. मग पाच माणसं मरू द्यायची की एक? दर उद्घाटनाला ते ही ट्राम सोडत. तीही एका तत्त्वज्ञ बाईंनीच पहिल्यांदा सोडली, असं मी सांगितलं. "असन," सर म्हणाले.

तेवढ्यात धरमपेठेतल्या घरून त्यांच्या आईंचा फोन आला. सूनबाईंनी न विचारता पडदे बदलले होते.

"आई, तू काहून चिडून राहिली? तुले डिवचाले नाही केलं तिनं. तिले हौस आहे. एकदा नीट पाह्य तिच्याकडे, मंग सांग मले."

फोन ठेवताच बाकीचे तिन्ही सर सरसावले. पडदे, हौस, आईचा मान, बायकोचा हक्क. इतकी कळकळीची नैतिक चर्चा त्या खोलीत मी कधीच ऐकली नव्हती. चहा गार झाला.

मी म्हटलं, "सर, माझं प्रकरण तुम्ही आत्ताच शिकवलंत. माझ्यापेक्षा बरं."

"ते घरचं आहे, मॅडम. आपण इथं नीतीवर बोलून राहिलो."

आणि त्यांनी सासूवर फुली मारली. मला संताप आला, तो अजून गेलेला नाही.

आता त्या तासाला ट्राम असते. कळमेश्वरच्या नव्या मुली पाच की एक ते मुकाट उतरवून घेतात, आणि कोणी काही विचारत नाही.