कोपरहून आलेली आत्या

नवऱ्याला हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि आता तो राहिला नाही. मुलीला सांगायची हिंमत नाही. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

परवा मुलीने सिनेमाची कॅसेट आणली. परदेशातली गोष्ट. चर्चच्या सिस्टर लोकांनी चालवलेली एक संस्था, तिथे ‘बिघडलेल्या’ म्हणून आणून टाकलेल्या मुली, दिवसभर लोकांचे कपडे धुणं, मार खाणं. सिनेमा इंग्रजी, मला कुठलं कळायला? मुलगी शेजारी बसून मराठीत सांगत होती. सांगता सांगता रडली. म्हणाली, “आई, आजूबाजूच्या बायका गप्प कशा गं बसल्या असतील? माणसं होती की कोण?”

मी चहा टाकायला उठले. तिला जे इंग्रजी येतं ना, ते कुठून आलं ते मला माहीत आहे.

इथे ठाण्यात, बाळकुमला, असंच एक होम होतं. तेव्हा तिकडे टॉवरबिवर काही नव्हते, शेतं आणि खाडी. मी नौपाड्यातून रिक्षाने जायचे, आठवड्यातून दोनदा, तिथल्या मुलींना शिवण शिकवायला. समाजसेवा! असं मीच सगळ्यांना सांगायचे, जरा मान ताठ करून. मुली सकाळपासून हौदावर. नर्सिंग होमच्या रक्ताच्या चादरी यायच्या, त्या सोड्याच्या पाण्यात घासायच्या. बोटांची सालं निघालेली. त्या बोटांत मी सुई द्यायचे आणि वर ओरडायचे — टाका वाकडा का आला म्हणून. मला दिसत नव्हतं का? सगळं दिसत होतं. उलट बोलली की जेवण बंद. पळायचा प्रयत्न केला की डोक्याचा गोटा आणि छड्या.

आणि नुसत्या सिस्टरना काय शिव्या घालायच्या? मुली आणून कोण टाकत होतं? बाप. भाऊ. आपल्यातलीच माणसं, कपाळाला गंध लावून यायची आणि पोरगी तिथे सोडून हात झटकून जायची.

सुशीला अशीच आलेली. खाडीकाठची, मासेमारी करणाऱ्या घरातली, एकोणीस-वीस वर्षांची. मामाने जे करायचं ते केलं. मामाला कोणी काही विचारलं नाही, तो मजेत होडी घेऊन फिरत होता. पोट दिसायला लागल्यावर बापाने हिला होममध्ये टाकलं. बाळ झालं, ते कुठे दिलं ते तिला कोणी सांगितलं नाही. तिथे नावंही बदलायचे. सुशीलाची मोनिका केली. मला मात्र ती पहिल्याच दिवशी म्हणाली, मी सुशीला. माझ्या वर्गात ती सुशीलाच होती. हेही मी मोठ्या अभिमानाने सांगायचे — स्वतःलाच.

एका दुपारी ती माझ्या दारात उभी. बाळकुमपासून चालत आलेली, अनवाणी. नौपाड्यात राहते, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, एवढं मी कधीतरी वर्गात बोलले होते, तेवढ्यावर शोधत आली. ब्लाउज पाठीला चिकटलेला. मी ओल्या फडक्याने सोडवला, आतली पाठ बघितली. काय होती ती पाठ — जाऊ दे, ते सांगून मी चांगली ठरणार नाही.

तिला काय हवं होतं? फार काही नाही. “बाई, मना परत नको धाडू. कोपरला आत्याकडं सोड,” एवढंच म्हणाली. कोपर. डोंबिवलीच्या अलीकडचं स्टेशन. ठाण्यातून अर्धा तास नाही लागत.

मी तिला वरणभात वाढला. झोप म्हटलं जरा, मग जाऊ. ती विश्वासाने झोपली हो. आणि मी बाहेरून कडी घातली, खाली वाण्याच्या दुकानात गेले आणि होमला फोन लावला. म्हटलं, तुमची मोनिका माझ्याकडे आहे.

मोनिका म्हटलं मी. सुशीला नाही.

का? कारण माझ्या मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घ्यायचं होमच्या मदरनी कबूल केलं होतं. शाळा त्यांच्याच सिस्टर लोकांची. त्या काळात ठाण्यात कॉन्व्हेंटला ॲडमिशन म्हणजे काय, ते ज्यांनी रांगा लावल्यात त्यांना विचारा. मदर काही मला धमकी द्यायला आल्या नव्हत्या. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. मीच हिशोब केला, मीच कडी घातली. गाडी आली, दोघी सिस्टर वर आल्या. सुशीला ओरडली नाही, हातपाय झाडले नाहीत. जिना उतरेपर्यंत माझ्याकडे बघत होती.

हे सांगून मोकळी झाले असं वाटलं का तुम्हाला? नाही. हे माझं मनात शंभरदा सांगून झालंय, घाबरले होते म्हणून, आई होते म्हणून — माझ्याकडे पन्नास कारणं तयार आहेत. खरं पुढेच आहे.

जूनमध्ये मुलगी शाळेत जायला लागली. पिनाफोर मीच शिवला, इस्त्री करकरीत. माझं होमला जाणं चालूच. सुशीला वर्गात यायची, डोक्याचा गोटा केलेला, खाली मान घालून काज करायची. एकदाही मला ‘बाई’ म्हणाली नाही.

आणि एक दिवस तिची आत्या माझ्या घरी आली. पन्नाशीची बाई, उन्हाने रापलेली, कासोटा घातलेलं लुगडं. भावाने हिला पत्ता लागू दिला नव्हता, पण ठाण्यात कुठल्याशा होममध्ये आहे आणि नौपाड्यातली एक बाई तिथे शिवण शिकवते, एवढं तिला कुणाकडून तरी कळलेलं. म्हणाली, पोरीला न्यायला आलेय. घरात जागा केलीय. माझा नवरा काही बोलत नाही, लोकांना बोलू दे.

ॲडमिशन झाली होती. मुलीला आता कोणी शाळेतून काढणार नव्हतं. मला नुसतं ‘चल’ म्हणायचं होतं, रिक्षा करायची होती. पण सुशीला बाहेर आली असती तर बोलली असती. कडी कोणी घातली ते सगळ्या नौपाड्याला कळलं असतं. आणि लोक मला काय म्हणाले असते?

मी म्हटलं, सुशीला नावाची कोणी मुलगी तिथे नाही.

त्याच दिवशी सकाळी ती माझ्यासमोर बसून काज करत होती.

आत्याने पुन्हा विचारलं नाही. शिकलेल्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवला तिने. भाचीसाठी सुके बोंबील आणले होते, कागदात बांधून. आता परत कुठे नेऊ म्हणाली, पोरांना घाल. माझ्या हातात दिले, पाण्याचा पेला तिथेच जमिनीवर ठेवला आणि गेली.

संध्याकाळी मी त्याचं कालवण केलं. आम्ही तिघांनी खाल्लं. मुलीने परत मागून घेतलं.