प्लायवूडच्या पलीकडचा क्लास

शहागंजात कापडाच्या दुकानांच्या वर, एका लांबट खोलीत बद्रीनाथ सरांचा इंग्रजीचा क्लास चालायचा. माणूस अजिंठ्याकडच्या शेतकरी घरातला, पण मुलाखतीला जायच्या आधी आसपासच्या गावांतली पोरं त्यांच्याकडंच यायची. सरांना त्याची सवय झाली होती.

मग घरमालकानं खोलीच्या मधोमध प्लायवूड ठोकलं आणि पलीकडचा भाग विशाखाला दिला. मेंढपाळाच्या घरातली, नुकतीच एम.ए. झालेली पोरगी. आठवडाभरात पलीकडून हसणं ऐकू यायला लागलं. इंग्रजीच्या क्लासात हसण्यासारखं काय असतं, हेच सरांना कळेना.

"आपोआप कानावर पडतं ते हिअर," ती सांगत होती. "कान देऊन ऐकता ते लिसन. शेजारचं भांडण आधी हिअर होतं, मग आपण दाराशी जाऊन लिसन करतो."

पोरं खदखदून हसली. आपल्याला हे नुसतं हिअर होतंय, अशी सरांनी मनाची समजूत घातली आणि खुर्ची प्लायवूडजवळ सरकवली.

हळूहळू त्यांच्याकडची पोरंही तिकडं जायला लागली. रामप्रसाद तर तोंडावर म्हणाला, "सर, तिकडं लई लवकर ध्यानात येतंय." सर "जा की" म्हणाले खरं, पण घरी जेवण गोड लागेना.

"तिचा क्लास चालतोय तर चालू द्या," आशाबाई म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

काय जातंय ते बायकोला सांगण्याजोगं नव्हतं.

एके दिवशी पाणी प्यायला जाताना सरांची नजर तिच्या फळ्यावर गेली. बॅग हरवू नका, अशा अर्थाचं वाक्य होतं, पण 'लूझ'मध्ये दोन ओ. हरवणं लिहायचं तिथं ढिलं लिहिलेलं. सरांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते थेट आत शिरले.

"मॅडम, स्पेलिंग बघा जरा. पोरं हेच पाठ करतील."

विशाखानं वळून पाहिलं. "व्हय की, चुकलंच माझं. सर, तुम्हीच फरक सांगता का यांना?"

सरांनी क्रियापद, विशेषण, उच्चार, सगळं रीतसर सांगितलं. पोरं माना डोलवत राहिली. मागच्या बाकावर एकीनं जांभई दिली.

"म्हणजे असं," विशाखा म्हणाली, "पँट ढिली असली की तिच्यात दोन ओ मावतात, ती लूस. अन् त्यातला एक ओ हरवला, की लूझ."

वर्ग हसला. सर आपल्या खोलीत परतले. जागच्या जागी सुचलं होतं तिला, तेही स्वतःची चूक सुधारताना. तेच त्यांना सर्वांत जास्त झोंबलं.

उन्हाळ्यात विशाखानं क्रांती चौकात मोठी जागा घेतली. तिच्या क्लासचा बोर्ड दिसायला नको म्हणून सर लांबच्या रस्त्यानं जायला लागले. जूनमध्ये नवी बॅच आली, तेव्हा त्यांनी ढिल्या पँटीत दोन ओ घातले आणि एक हरवला. पोरं हसली. किती दिवसांनी त्यांच्या खोलीत कुणी हसलं होतं.

"सर, विशाखा मॅडम माझ्या बहिणीला असंच शिकवत्यात," सुकेशनी नावाची मुलगी म्हणाली.

सर फळा पुसत राहिले. "माझ्या शेजारीच होती ती," ते म्हणाले. "इथूनच उचललं असंल."

मुलीनं मान हलवली आणि वहीत उतरवून घेतलं.